हिवाळी डोंगरांवरची ढगपेरणी : आयडाहोतल्या तीन दिवसांचा हिशेब

हिमरेषा

आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर मी बर्फ मोजायला डोंगरावर गेलो होतो. ॲल्युमिनियमची एक लांब पोकळ नळी, तिच्या टोकाला करवतीसारखे दाते आणि टांगून वजन करायचा एक काटा, एवढेच साहित्य बरोबर होते. नळी बर्फात उभी दाबत जमिनीपर्यंत न्यायची, तळाला थोडी माती लागली म्हणजे बर्फाचा पूर्ण थर नळीत आला असे समजायचे, ती माती सुरीने खरवडायची आणि नळी काट्याला आडवी टांगायची. नळीचा व्यासच असा ठरवलेला असतो की एक औंस बर्फ म्हणजे एक इंच पाणी, त्यामुळे डोंगरावर गारठलेल्या बोटांनी गणित करावे लागत नाही. आमच्या नळीत साडेचार फूट बर्फ आला आणि काट्याने सोळा इंच पाणी दाखवले. या प्रकारची पहिली नळी विसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स चर्च यांनी तयार केली. ते नेवाडा विद्यापीठात लॅटिन शिकवत असत, हे कळल्यापासून त्या नळीबद्दल मला विशेष माया वाटते.

हा खटाटोप कशासाठी, तर इकडचा उन्हाळा कोरडा असतो आणि वर्षभराचे बरेचसे पाणी हिवाळ्यात डोंगरावर बर्फाच्या रूपाने उतरते. एप्रिलपासून जुलैपर्यंत ते वितळत राहते आणि स्नेक नदीच्या खोऱ्यातले बटाटे, बीट आणि जनावरांचा चारा त्यावर निघतो. वीजनिर्मितीही त्याच पाण्यावर चालते. डोंगरावरचा बर्फ हे एक न बांधलेले धरण आहे, असे म्हटले तरी चालेल. या धरणात थोडी भर पडावी म्हणून इथली वीज कंपनी २००३ पासून पेयेट नदीच्या खोऱ्यात हिवाळी ढगपेरणी करते, म्हणजे ढगात सिल्व्हर आयोडाइड या क्षाराचे बारीक कण सोडून जास्त हिम पाडण्याचा प्रयत्न करते. हा विषय निघाला की माणसे एकतर ‘ही जादू आहे’ किंवा ‘ही फसवणूक आहे’ या दोनपैकी एका टोकाला जातात. मला दोन्ही टोके पटत नाहीत, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी यातले भौतिकशास्त्र थोडक्यात मांडतो. पाणी शून्य अंशाखाली गेले की गोठते, असे आपण शाळेत शिकलो, पण ढगातल्या सूक्ष्म थेंबांना हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. निर्मळ थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रवच राहू शकतो, कारण गोठायला त्याला कशाचा तरी आधार लागतो. हवेतली नेहमीची धूळ हा आधार देते, परंतु तिच्यातले बरेचसे कण उणे १५ अंशांच्या खाली गेल्यावरच कामाला येतात. सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची षट्कोनी ठेवण बर्फाच्या ठेवणीशी बरीच जुळते, त्यामुळे ते उणे ६ अंशांच्या आसपासच हे काम सुरू करते. एकदा हिमकण तयार झाला की तो शेजारच्या थेंबांचे पाणी खेचून वाढतो. उणे १० अंशांना बर्फावरचा बाष्पदाब पाण्यावरच्या बाष्पदाबापेक्षा जवळजवळ १० टक्क्यांनी कमी असतो, म्हणून थेंबांची वाफ होत राहते आणि ती हिमकणावर बसत जाते. अशा रीतीने जड झालेला कण खाली येतो. विन्सेंट शेफर यांनी नोव्हेंबर १९४६ मध्ये विमानातून कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) टाकून ढगातून हिम पाडून दाखवले, आणि त्याच महिन्यात बर्नार्ड व्हॉनेगट यांना सिल्व्हर आयोडाइडचा गुण सापडला. दोघेही स्केनेक्टडी इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काम करत होते.

ढगपेरणीने ढग तयार होत नाही, हे यातून स्पष्ट व्हावे. ढग आधी आलेला हवा, त्यात अतिशीत, म्हणजे शून्याखालीही न गोठलेले, पाणी हवे, तापमान योग्य हवे आणि निसर्गाने स्वतः ते पाणी पाडायला घेतलेले नसावे.

आता २०१७ च्या प्रयोगाकडे वळतो. त्या वर्षी जानेवारी ते मार्च या काळात पेयेटच्या खोऱ्यात ‘स्नोई’ नावाची मोहीम झाली. कोलोरॅडो, वायोमिंग आणि इलिनॉय विद्यापीठांचे संशोधक, बोल्डरचे राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्र आणि इथली वीज कंपनी असे सगळे तिच्यात होते. डोंगरमाथ्यांवर फिरते रडार नेऊन ठेवले होते. एक विमान वाऱ्याला आडवे, मागे-पुढे उडत सिल्व्हर आयोडाइड सोडत होते आणि दुसरे मोजमापाची उपकरणे घेऊन त्याच ढगातून जात होते. १९ जानेवारीला रडारच्या पडद्यावर नागमोडी रेघा उमटल्या. विमान जसे गेले होते तसाच त्या रेघांचा आकार होता, आणि वाऱ्याबरोबर त्या पुढे सरकत, रुंद होत जमिनीपर्यंत उतरल्या. निसर्ग असे नागमोडी हिम पाडत नाही. पेरणीपासून जमिनीवर पडलेल्या हिमापर्यंतची साखळी इतक्या स्पष्टपणे पूर्वी कोणी टिपलेली नव्हती.

१९, २० आणि ३१ जानेवारी या तीन दिवसांचा हिशेब २०२० मध्ये संशोधक काट्या फ्रीडरिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. पेरणीमुळे पडलेल्या हिमातले पाणी अनुक्रमे १,२३,२२० घनमीटर, २,४१,२६० घनमीटर आणि ३,३९,५४० घनमीटर भरले. तिन्ही मिळून हे सुमारे ०.७ दशलक्ष घनमीटर, म्हणजे आपल्या पाटबंधारे खात्याच्या भाषेत ०.७ दलघमी होते. जायकवाडीचा जिवंत साठा २१७१ दलघमी आहे. असे तीन-तीन दिवस तीन हजारांहून जास्त वेळा साधले, तर एक जायकवाडी भरेल.

हा आकडा तुम्हाला मोठा वाटतो की लहान, हे जाणून घ्यायला आवडेल.

गोदाकाठ

धागा आवडला. आकडा मला लहान वाटतो आणि त्याचे कारण अनुभवाचे आहे. आमच्या मराठवाड्यात २०१५ साली आणि पुन्हा २०१९ साली कृत्रिम पावसासाठी विमाने उडाली. २०१९ मध्ये असेच एकदा दुपारी विमानाचा आवाज आला आणि सगळा गाव अंगणात येऊन वर पाहू लागला. संध्याकाळी आमच्याकडे अंगण जेमतेम ओले झाले. शेजारच्या तालुक्यात मात्र ओढे वाहिले. आमच्याकडचे शिंतोडे विमानाचे की शेजारचा पाऊस विमानाचा, की दोन्ही देवाचेच, याचा निवाडा आमच्या पारावर अजून झालेला नाही. तेव्हा तुमच्याकडे रडारवर रेघा दिसल्या, हे ठीक आहे, पण प्रत्येक वेळी अशा रेघा दिसतात का?

हिमरेषा

नाही, दर वेळी दिसत नाहीत. आणि तुमच्या पारावरचा प्रश्न हाच या विषयाचा खरा प्रश्न आहे. ते तीन दिवस हिशेबासाठी निवडले गेले, कारण त्या वेळी नैसर्गिक हिम फारच थोडे पडत होते. पाटी कोरी होती म्हणून रेघ उठून दिसली. स्वतःच भरपूर हिम पाडणाऱ्या वादळात पेरणी केली, तर तिने घातलेली भर रडारवर वेगळी काढता येत नाही. ती असेल किंवा नसेल. आणखी एक गोष्ट त्या हिशेबात लक्षात राहण्यासारखी आहे. २० जानेवारीला ८६ मिनिटे पेरणी झाली आणि ३१ जानेवारीला फक्त २४ मिनिटे, तरी पाणी ३१ तारखेला जास्त मिळाले. आपण किती पेरले यापेक्षा ढगाने काय आणले होते, यावर सारे अवलंबून राहिले.

मराठवाड्यातले ढग मुळात निराळे असतात. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटर उंचीवर असते, त्यामुळे ढगाचा खालचा मोठा भाग उबदार राहतो. तिथे सिल्व्हर आयोडाइडचा उपयोग नसतो. पाणी शोषून घेणाऱ्या क्षारांची नळकांडी जाळून थेंब मोठे करण्याचा प्रयत्न होतो. शिवाय तो ढग अर्ध्या-पाऊण तासात उभा राहतो आणि मोडतो. इकडचा हिवाळी ढग डोंगरावर चढणाऱ्या वाऱ्यामुळे तयार होतो आणि वारा टिकेल तोवर, कधी दिवसभर, एकाच कड्याला टेकून बसतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरला जो काळजीपूर्वक प्रयोग केला, त्यात पेरणीच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के वाढ आढळली. तो निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण तो त्या ढगांबद्दलचा आहे. त्याच्या आधारे इकडच्या बर्फाबद्दल काही सांगता येणार नाही, आणि इकडच्या रेघा दाखवून तुमच्या तालुक्याचा निवाडाही करता येणार नाही.

सांख्यिक

मी व्यवसायाने सांख्यिकीवाला असल्यामुळे इथे थोडा खडा टाकतो. तीन निवडक दिवसांवरून ढगपेरणी भौतिकदृष्ट्या घडते एवढे सिद्ध होते. त्यामुळे हिवाळ्याभरात पाणी किती वाढते, हे सिद्ध होत नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी यादृच्छिक प्रयोग लागतो आणि तो वायोमिंगमध्ये झालेला आहे. तिथल्या मेडिसिन बो आणि सिएरा माद्रे या शेजारच्या दोन डोंगररांगांवर एकाच वेळी पेरणीयोग्य स्थिती आली की चिठ्ठी टाकल्यासारखी एक रांग निवडायची, तिच्यावर पेरणी करायची आणि दुसरी तशीच सोडायची, अशी ती आखणी होती. २००८ ते २०१४ या हिवाळ्यांत १५४ प्रसंग जमले. मूळ ठरवलेल्या कसोटीवर वाढ निघाली ३ टक्के, आणि एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता २८ टक्के होती. माझ्या धंद्यात याला ‘काही सांगता येत नाही’ असे म्हणतात.

त्यानंतर इतर विश्लेषणे जोडून ५ ते १५ टक्के असा आकडा पुढे आला आणि वर्तमानपत्रांनी तोच उचलला. परंतु तो फक्त पेरणीयोग्य वादळांपुरता आहे. अशा वादळांचा वाटा त्या भागात हिवाळी हिमाच्या साधारण ३० टक्के होता. म्हणजे हिवाळ्याभराचा विचार केला, तर वाढ दीड ते साडेचार टक्के होते, आणि तीसुद्धा पेरणीच्या छायेत येणाऱ्या भागापुरतीच. ‘१५ टक्के पाणी वाढले’ असे कोणी सांगितले, तर ‘कशाच्या १५ टक्के?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हिमरेषा

पूर्ण सहमत आहे, आणि तुमचे दीड ते साडेचार टक्के मी मूळ लेखात घालायला हवे होते. एक मात्र नोंदवतो. त्या प्रयोगात पेरलेले सिल्व्हर आयोडाइड काही वेळा वाऱ्याने ‘न पेरलेल्या’ रांगेवरही पोहोचले असावे, आणि काही प्रसंगांत ते जमिनीवरून हवेत सोडणारे जनरेटर पुरेसा वेळ चाललेच नाहीत. दोन्ही गोष्टींमुळे दिसणारा फरक कमी होतो. अर्थात निकाल लागल्यावर कारणे शोधायला बसलो, तर ती नेहमीच सापडतात, हेही मला कळते.

दक्षिणायन

मी कॅनबेरात राहतो. आमच्याकडच्या स्नोई पर्वतांत २००५ ते २००९ या काळात असाच प्रयोग झाला. तिथले पाणी जलविद्युत आणि सिंचन दोन्हींसाठी वापरले जाते, आणि या प्रयोगासाठी न्यू साउथ वेल्सने २००४ मध्ये स्वतंत्र कायदा केला होता. जनरेटर ज्या प्रसंगांत फारच कमी तास चालले ते वगळल्यावर मुख्य लक्ष्यक्षेत्रात १४ टक्के वाढ दिसली. ‘वगळल्यावर’ या शब्दावर सांख्यिक यांची भुवई उंचावेल याची मला कल्पना आहे.

पण त्या प्रयोगातली एक युक्ती मला फार आवडते. सिल्व्हर आयोडाइडबरोबर त्यांनी इंडियम या धातूच्या ऑक्साइडचे तितकेच बारीक कणही हवेत सोडले. इंडियमचे कण हिमकण तयार करत नाहीत. ते केवळ पडणाऱ्या हिमाला चिकटून खाली येतात. चांदीचे कण मात्र दोन्ही प्रकारे खाली येऊ शकतात, हिमाला चिकटून किंवा स्वतः हिमकणाच्या पोटात बसून. नंतर पडलेल्या बर्फाचे नमुने घेऊन दोन्ही धातूंचे प्रमाण तपासायचे. चांदी इंडियमपेक्षा जास्त निघाली, तर तिने हिमकण जन्माला घातले असे समजायचे. चोर पकडण्यासाठी त्याच्याबरोबर एक साधा माणूस पाठवावा, तसे हे आहे.

पागोळी

मला दोन शंका आहेत. पहिली म्हणजे हा जनरेटर नेमका दिसतो कसा? दुसरी अशी की वरच्या राज्याने ढगातले पाणी काढून घेतले, तर वाऱ्याच्या पुढच्या दिशेला असलेल्या लोकांच्या तोंडचे पाणी पळत नाही का?

हिमरेषा

जनरेटर या शब्दाने मीही फसलो होतो, कारण डोळ्यांसमोर डिझेलचा धूर ओकणारे यंत्र आले. मी पाहिलेला जनरेटर एका उघड्या कड्यावर होता. बर्फात बुडू नये म्हणून लोखंडी मनोऱ्यावर चढवलेला, खाली प्रोपेन वायूची टाकी, शेजारी द्रावणाची टाकी, बॅटरीसाठी सौर पाटी आणि वरती वाऱ्यापासून आडोसा केलेला, हातभर उंचीचा एक बंब. ॲसिटोनमध्ये विरघळवलेले सिल्व्हर आयोडाइड त्या बंबातल्या ज्योतीवर फवारले जाते आणि त्याचा धूर वाऱ्याबरोबर कड्यावरून वर जातो. तासाला साधारण २० ग्रॅम, म्हणजे चहाचे चार-पाच चमचेसुद्धा भरणार नाहीत एवढे ते लागते. सुरू-बंद करण्याचे काम शहरातल्या कचेरीत बसून होते. मी गेलो तेव्हा आकाश निरभ्र होते, त्यामुळे ज्योत विझलेली होती आणि बंबाच्या कडेला बर्फाचे सुळे लोंबत होते.

धूर सोडायची जागा महत्त्वाची असते. हिमकण वाढून खाली यायला अर्धा तास धरला आणि वारा सेकंदाला १५ मीटर धरला, तर हिम जनरेटरपासून २७ किलोमीटरवर पडणार. वाऱ्याचा अंदाज चुकला तर ते कड्याच्या पलीकडच्या भलत्याच खोऱ्यात जाते. थंड, जड हवा दरीत साकळून बसलेली असेल, तर धूर वर चढतच नाही आणि तिथेच घुटमळतो. विमान हवे त्या उंचीवर सोडू शकते, पण त्याचा खर्च जास्त येतो आणि पंखांवर बर्फ धरणाऱ्या ढगातूनच त्याला उडावे लागते.

दुसऱ्या शंकेबद्दल. डोंगरावर येणाऱ्या वाफेपैकी काही भागाचाच ढग होतो, त्या ढगापैकी काही भागच हिम म्हणून पडतो आणि उरलेले थेंब डोंगर उतरताना पुन्हा वाफ होऊन पुढे जातात. पेरणीमुळे पडणाऱ्या हिमात काही टक्क्यांची भर पडली, तरी पुढे जाणाऱ्या एकूण वाफेतली घट त्याहून पुष्कळ लहान राहते. तरीही ढगचोरीचा आरोप लोकांना लवकर पटतो. जुलै २०१८ मध्ये इराणच्या एका सेनाधिकाऱ्याने इस्रायल आमचे ढग पळवतो असे जाहीर केले होते, आणि ते शक्य नाही असे त्याच देशाच्या हवामान खात्याच्या प्रमुखांना सांगावे लागले.

रसायनी

चांदीबद्दल कोणी विचारलेले दिसत नाही, म्हणून लिहिते. सिल्व्हर आयोडाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. एका लिटरमध्ये दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास विरघळते. जलचरांना अपायकारक असतो तो चांदीचा मोकळा आयन, आणि तो इथे नगण्य असतो. पेरणी झालेल्या बर्फात चांदी सापडते ती लाख कोटी भागांत मोजके भाग एवढी. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी चांदीची सुचवलेली मर्यादा लिटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे त्या बर्फातल्या प्रमाणाच्या कित्येक हजार पट. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने डिसेंबर २०२४ च्या अहवालात सध्याच्या प्रमाणात सिल्व्हर आयोडाइडपासून धोका दिसत नाही असेच म्हटले. वापर खूप वाढला तर काय, याचा अभ्यास व्हायला हवा, अशी पुस्तीही जोडली. माझे मतही तेच आहे. पन्नास वर्षे एकाच पाणलोटात पेरणी होणार असेल, तर तिथल्या गाळातली चांदी दर काही वर्षांनी मोजलेली असावी. तो खर्च फार नाही.

त्याच अहवालात पेरणीमुळे होणाऱ्या वाढीचे निरनिराळ्या अभ्यासांतले अंदाज शून्यापासून २० टक्क्यांपर्यंत असल्याचे नोंदवले आहे, हे सांख्यिक यांच्यासाठी.

सांख्यिक

शून्यापासून सुरू होणारा पल्ला मला नेहमीच प्रामाणिक वाटतो.

वहिवाट

पाणी वाढले असे क्षणभर धरू. मग ते कोणाचे? पश्चिम अमेरिकेत पाण्याचा कायदा ‘ज्याची वहिवाट आधीची, त्याचा हक्क आधी’ या तत्त्वावर चालतो. १८८० साली पाट काढलेल्या शेतकऱ्याला पूर्ण पाणी मिळाल्याशिवाय १९५० च्या हक्कदाराला थेंब मिळत नाही. आयडाहोच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये ढगपेरणी लोकहिताची आहे असे कायद्याने ठरवले आणि तिच्यातून येणारे पाणीही याच क्रमाने वाटले जाईल असे केले. म्हणजे पेरणीचा खर्च एकाने करावा आणि पाणी वहिवाटीने दुसऱ्याला जावे, असे सहज घडू शकते. वीज कंपनीला ते परवडते, कारण पाणी कोणाचेही असले तरी ते तिच्या टर्बाइनमधूनच खाली जाते.

कोलोरॅडो नदीवर याहून मौजेची व्यवस्था आहे. १९२२ च्या करारानुसार नदीचे वरचे आणि खालचे खोरे वेगळे धरले जाते. बर्फ पडतो तो वरच्या खोऱ्यातल्या कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंगमध्ये. तहान मोठी आहे ती खालच्या खोऱ्यातल्या लास व्हेगास, फिनिक्स आणि लॉस एंजेलिसची. त्यामुळे खालच्या राज्यांच्या पाणीपुरवठा संस्था वरच्या राज्यांत ढगपेरणीसाठी वर्षानुवर्षे पैसे देत आल्या आहेत. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या जलसंधारण विभागानेही त्यासाठी २४ लाख डॉलर दिले, ते दक्षिण नेवाडाच्या जलप्राधिकरणामार्फत. वरच्या धरणातून पाणी सोडावे म्हणून आपल्याकडे नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात दर दुष्काळी वर्षी जे चालते, ते आठवून पाहा. नगरच्या डोंगरावर पाऊस पाडायला मराठवाड्याने वर्गणी काढावी, असा हा प्रकार आहे.

गोदाकाठ

वर्गणी काढू, पण पाणी खाली येऊ द्या म्हणावे.

हिमरेषा

वहिवाट यांनी दिलेल्या माहितीत युटाची भर घालतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकची पातळी आजवरच्या नोंदीतली सर्वांत खाली गेली, आणि २०२३ मध्ये त्या राज्याने ढगपेरणीसाठी एकरकमी १ कोटी २० लाख डॉलर आणि शिवाय दरवर्षी ५० लाख डॉलर मंजूर केले. नवे धरण किंवा समुद्राचे पाणी गोडे करण्याचा कारखाना यांच्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे. दोन टक्के वाढसुद्धा खरी असेल, तर ते पाणी स्वस्तच पडते. म्हणूनच पुरावा अर्धवट असतानाही राज्ये पैसे घालतात. मला हा निर्णय अडाणीपणाचा वाटत नाही. विम्याचा हप्ता भरताना आपण तरी कुठे खात्री मागतो?

मात्र तळे आटल्यावर हा पैसा मंजूर होतो, ही गोष्ट मला खटकते. दुष्काळाच्या हिवाळ्यात वादळेच कमी येतात, म्हणजे पेरायला ढगच नसतात. चांगल्या हिवाळ्यात ढग भरपूर असतात आणि तेव्हा केलेली पेरणी धरणांत आणि भूजलात शिल्लक टाकता येते. पण चांगल्या हिवाळ्यात पाण्याची आठवण कोणाला राहते! ज्या वर्षी लोकांना ढगपेरणी हवीशी वाटते, त्याच वर्षी तिचा उपयोग सर्वांत कमी असतो. गेल्या ऑक्टोबरच्या २८ तारखेला, म्हणजे २०२५ मध्ये, दिल्लीच्या प्रदूषणावर उपाय म्हणून जी विमाने उडाली, त्यांचेही तेच झाले. ढगांत ओलावा अवघा १० ते १५ टक्के होता, असे प्रयोग करणाऱ्या कानपूरच्या आयआयटीनेच सांगितले.

पागोळी

आणि जास्त झाले तर? हिमकडे कोसळणे, पूर येणे वगैरे.

हिमरेषा

त्यासाठी पेरणी थांबवण्याचे नियम आधीच ठरलेले असतात. साठा सरासरीच्या ठरावीक पटीवर गेला, हिमकडे कोसळण्याचा इशारा असला, किंवा बर्फावर उबदार पाऊस पडण्याचा अंदाज असला, तर जनरेटर बंद ठेवतात. या सावधगिरीमागे एक जुनी जखम आहे. ९ जून १९७२ ला दक्षिण डकोटातल्या रॅपिड सिटीत अचानक पूर येऊन २३८ माणसे गेली, आणि त्याच दिवशी त्या भागात उन्हाळी ढगांवर पेरणीचा प्रयोग झालेला होता. त्या वादळाच्या ताकदीपुढे पेरणी अगदी क्षुल्लक होती, तरी लोकांच्या मनातून तो संबंध गेला नाही, आणि जाईल अशी अपेक्षा करणेही योग्य नाही. अलीकडे टेनेसीने २०२४ मध्ये आणि फ्लोरिडाने २०२५ मध्ये असल्या सगळ्याच प्रकारांवर बंदी घातली. या बंद्यांमागे विमानांच्या मागे दिसणाऱ्या पांढऱ्या रेघांबद्दलच्या अफवांचा वाटा मोठा आहे, आणि दोन्ही राज्यांत हिवाळी बर्फाचे म्हणावे असे डोंगर नाहीत, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. सिल्व्हर आयोडाइडला उणे ६ अंश तरी लागतात. हिवाळे उबदार होत चालले, तसे पूर्वी बर्फ आणणारे वादळ मधल्या उंचीच्या कड्यांवर पाऊसच घेऊन येते. ढग असतो, पाणी असते, पण बंब पेटवण्यात अर्थ नसतो.

गोदाकाठ

शेवटचा एक प्रश्न विचारतो. तुम्ही मोजायला जाता त्या नळीत ही पेरणीची भर कधी दिसली का?

हिमरेषा

नाही, आणि दिसणारही नाही. १९ जानेवारी २०१७ चे पाणी सव्वादोन हजारांहून जास्त चौरस किलोमीटरवर पसरले होते; भागाकार केला तर थर येतो मिलीमीटरच्या विसाव्या भागाएवढा. आमच्या काट्यावर आम्ही अर्ध्या इंचापर्यंत वाचतो, म्हणजे जवळजवळ तेरा मिलीमीटर. शिवाय त्याच कड्यावर दहा पावले बाजूला नळी घातली तरी आकडा एक-दोन इंचांनी बदलतो, म्हणून दर ठिकाणी दहा वेळा नळी घालून सरासरी घेतात. १ एप्रिलच्या मोजणीला मी जाणार आहे. काट्याचे छायाचित्र काढून इथे लावतो.